एजंट मॉडेल की समूह मॉडेल? सिम्युलेशन करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बहुतेक उत्तरांत उदाहरण साथीच्या रोगाचे घेतले आहे. दोन्ही पद्धती एकाच प्रश्नावर सर्वांत जास्त वापरल्या गेल्या त्या तिथेच. वाहतूक आणि प्राणीसंख्या यांच्याबद्दल शेवटाकडे लिहिले आहे.

दोन पद्धतींत फरक नेमका कशात आहे?

समूह मॉडेल घाऊक हिशेब ठेवते. एक लाख वस्तीच्या गावात अबाधित किती, बाधित किती, मुक्त किती, एवढे तीनच आकडे त्याला माहीत असतात. रोजच्या नव्या लागणी = बीटा (लागण पसरण्याचा रोजचा दर) × अबाधित × बाधित ÷ एकूण वस्ती. रोज बरे होणारे = गॅमा (बरे होण्याचा रोजचा दर) × बाधित. या दोन ओळी म्हणजे प्रसिद्ध एसआयआर मॉडेल (अबाधित, बाधित, मुक्त यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून). आजारी कोण आहे, ते या मॉडेलला ठाऊक नसते.

एजंट मॉडेलमध्ये गिऱ्हाइकागणिक खाते उघडलेले असते. प्रत्येक व्यक्तीची एक नोंद: वय, घर क्रमांक, कामाची जागा, आजची स्थिती. नियम व्यक्तीला लागू होतात: आज ही कोणाला भेटली, त्यांत बाधित किती होते, आणि फाशात लागण आली की नाही. साथीच्या आलेखाचे समीकरण कुठेही लिहिलेले नसते. शेवटी नोंदी मोजल्या की आलेख आपोआप हाती येतो.

समूह मॉडेल जुने आणि एजंट मॉडेल आधुनिक, असे समजावे का?

वयाने म्हणाल तर हो, दर्जाने नाही. एसआयआर १९२७ सालचे आहे. ते करमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी मांडले. मॅकेन्ड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते. त्यांच्या निबंधात पडताळणीसाठी वापरलेली साथ मुंबईची आहे: डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले मुंबई बेटावरचे प्लेगचे साप्ताहिक मृत्यू. त्यांनी बसवलेल्या वक्राचा माथा आठवड्याला ८९० मृत्यूंवर, सतराव्या आठवड्यात येतो. वक्राखालची बेरीज केली तर सुमारे ८,९०० मृत्यू निघतात. प्रत्यक्ष आकड्यांचे ठिपके त्या रेषेला इतके लगटून आहेत की आजही हा आलेख वर्गात दाखवला जातो.

आलेख एवढा जुळला, म्हणजे मॉडेल बरोबर ठरले ना?

नाही. प्लेग मुख्यतः उंदरांचा रोग आहे. पिसवा तो माणसापर्यंत आणतात, आणि मुंबईत तो ऋतूनुसार दरवर्षी चढायचा आणि उतरायचा. करमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनीही हे लपवलेले नाही. माणसांतली साथ ही उंदरांतल्या साथीचे प्रतिबिंब आहे, बेटावरच्या सगळ्या उंदरांना लागणीची सारखीच शक्यता आहे, पिसवा भरपूर आहेत, अशी गृहीतके त्यांनी एकेक करून मांडली. त्यातले एकही काटेकोरपणे खरे नाही, म्हणून उत्तर ढोबळ समजावे, असेही लिहून ठेवले.

घंटेच्या आकाराचा एक चढउतार तीन पॅरामीटर (जुळवून घ्यायचे आकडे) असलेल्या जवळपास कोणत्याही वक्रावर बसतो. साथ लोक संपल्याने उतरली की हवामान बदलल्याने, हे एकट्या वक्रावरून सांगता येत नाही. एजंट मॉडेलमध्ये हा धोका वाढतो, कारण फिरवायला बटणे जास्त असतात. म्हणून मॉडेल बसवताना एक भाग बाजूला ठेवावा. एका लाटेवर बसवावे आणि दुसऱ्या लाटेवर तपासावे, किंवा रुग्णसंख्येवर बसवून अँटिबॉडी सर्वेक्षणाशी ताडून पाहावे.

समूह मॉडेलमधून संगणकाशिवाय काय काढता येते?

बरेच काही. म्हणून आधी तेच करावे. बीटा दिवसाला ०.४ आणि गॅमा ०.२ घ्या, म्हणजे सरासरी आजारपण ५ दिवसांचे. पुनरुत्पादन अंक, म्हणजे सुरुवातीला एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण देतो, ०.४ ÷ ०.२ = २. सुरुवातीला रुग्ण दर साडेतीन दिवसांनी दुप्पट होतात. ऐन भरात एका वेळी १५.३ टक्के लोक आजारी असतात. साथ संपेपर्यंत ७९.७ टक्क्यांना लागण होऊन गेलेली असते. एक लाखाच्या गावात हे अनुक्रमे सुमारे १५,३०० आणि ७९,७०० झाले. हे आकडे भिंतीवर चिकटवून ठेवा. पुढे एजंट मॉडेल तपासताना तीच तुमची पट्टी.

तेच पॅरामीटर घेऊन एजंट मॉडेल चालवले, तर उत्तर वेगळे येते. चूक कुठे असते?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. कधी ती चूक असते, तर कधी तोच खरा निष्कर्ष असतो. तपासायचा क्रम असा.

आधी दिवसातल्या कामांचा क्रम बघा. समजा दर दिवशी बरे होण्याची शक्यता ०.२ आहे. 'आधी लागण द्या, मग बरे करा' असा क्रम असेल तर प्रत्येक रुग्ण सरासरी ५ दिवस लागण देतो आणि पुनरुत्पादन अंक २ राहतो. 'आधी बरे करा, मग लागण द्या' असे लिहिले तर काही जण एकही दिवस लागण न देता बरे होतात, सरासरी ४ दिवसांवर येते आणि अंक १.६ होतो. एकूण लागण ७९.७ वरून ६४ टक्क्यांवर घसरते. कोडच्या दोन ओळींची अदलाबदल आणि गावातले पंधरा हजार लोक वाचले! ही चूक संगणक कधीच दाखवून देत नाही, कारण कोड बिनतक्रार चालतो.

दुसरे, स्थिती लगेच बदलता का? यादीतला ४० वा माणूस आज बाधित झाला आणि त्याच फेरीत त्याने ९० व्याला लागण दिली, तर साथ यादीच्या क्रमाने धावते. नवी स्थिती वेगळ्या यादीत लिहावी आणि दिवस संपल्यावर एकदम लागू करावी.

तिसरे, काळाचा टप्पा. सलग समीकरणात साडेतीन दिवसांनी होणारी दुप्पट एक दिवसाच्या टप्प्यात ३.८ दिवसांनी होते, कारण व्याज दिवसातून एकदाच चढते. साथीचा माथा त्यामुळे पुढे सरकतो. पाव दिवसाचा टप्पा घेऊन उत्तर किती हलते ते पाहावे. आठवड्याचा टप्पा घेतलात तर बीटा × टप्पा २.८ होतो, आणि शक्यता १ च्या वर जाऊच शकत नाही. अशा वेळी दराचे शक्यतेत रूपांतर 'एक वजा, उणे दर × टप्पा एवढा ई (सुमारे २.७१८) चा घात' या सूत्रानेच करायचे.

चौथे, नशीब. इथे चूक नसते. एकाच रुग्णापासून सुरुवात केली आणि अंक २ असला, तरी निम्म्या रनमध्ये (मॉडेल एकदा चालवणे म्हणजे एक रन) साथ पेटतच नाही. पहिला रुग्ण कोणाला लागण देण्याआधीच बरा होतो, किंवा दोनचार लागणींनंतर साखळी तुटते. समूह मॉडेलमध्ये असे कधी होत नाही. सुरुवात १० रुग्णांपासून केली तर विझण्याची शक्यता १,०२४ मध्ये १ एवढीच उरते. म्हणून जुळणी तपासताना १० किंवा जास्त रुग्ण पेरावेत.

सगळे रुग्ण सारखेच पसरवत नसतील, तर चित्र आणखी बदलते. २००३ च्या सार्सच्या विश्लेषणात हा असमानपणा फार मोठा निघाला. तो मोजणाऱ्या अंकाचे मूल्य ०.१६ होते, आणि अंक जितका लहान तितकी लागण थोड्याच लोकांकडून होते. सरासरी २ तीच ठेवून हा असमानपणा घातला, की एका रुग्णापासून सुरू झालेली साथ विझण्याची शक्यता ५० वरून सुमारे ८४ टक्क्यांवर जाते. सरासरी बदललेली नाही, हे लक्षात घ्या.

पाचवे, आजारपणाची लांबी. गॅमा ०.२ म्हणजे समूह मॉडेलमध्ये १८ टक्के रुग्ण पहिल्याच दिवशी बरे होतात आणि काही महिनाभर रेंगाळतात. एजंट मॉडेलमध्ये तुम्ही 'बरोबर ५ दिवस' असे लिहिले असेल तर सुरुवातीची वाढ जुळणार नाही. उपाय समूह मॉडेलमध्येच आहे: बाधितांचा कप्पा चार उपकप्प्यांत तोडा आणि प्रत्येकातून बाहेर पडण्याचा दर चौपट, म्हणजे ०.८ करा. सरासरी ५ दिवसच राहते, पण टोके आवळली जातात.

मग एजंट मॉडेल नेमके कोणत्या क्रमाने बांधावे?

आधी समूह मॉडेल. मग असे एजंट मॉडेल, ज्यात घर नाही, ऑफिस नाही, कोणीही कोणालाही भेटू शकतो. एक लाख एजंट, १० रुग्ण, ५० रन. एकूण लागणीची सरासरी ७९,७०० च्या आसपास यायला हवी, आणि एका रनपासून दुसऱ्या रनपर्यंत दोनतीनशेंचा फरक पडेल. दोनतीन हजारांचा फरक दिसला तर वरची यादी पुन्हा वाचा.

हे जुळल्याशिवाय घरे, शाळा, लोकल काही घालू नका. जुळले की एका वेळी एकच गोष्ट घाला आणि उत्तर किती हलले ते लिहून ठेवा. घरे घातल्यावर लागण मंदावली, तर ती का मंदावली हे तेव्हा सांगता येते: घरातल्या चौघांना एकदा लागण झाली की त्यांच्या एकमेकांच्या भेटी वाया जातात. सगळे एकदम घातले की उत्तर मिळते, पण त्यामागचे कारण सांगता येत नाही. आणि कारणासाठीच तर एजंट मॉडेलचा खटाटोप करायचा. नाहीतर दोन समीकरणे काय वाईट होती?

नियम लिहून ठेवण्यासाठी ओडीडी हा २००६ पासून चालत आलेला साचा वापरावा. उद्देश, एजंटांचे गुण, कामांचा क्रम, सुरुवातीची स्थिती, एकेका नियमाचा तपशील, असा त्याचा ढाचा आहे. कंटाळवाणा आहे खरा, पण वर सांगितलेली क्रमाची चूक तो भरतानाच सापडते.

शहराला सरासरी का चालत नाही?

मुंबईचे उदाहरण पाहा. जुलै २०२० मध्ये शहराच्या तीन प्रभागांत ६,९३६ लोकांचे अँटिबॉडी सर्वेक्षण झाले. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना कोरोनाची लागण होऊन गेलेली आढळली, तर त्याच प्रभागांतल्या इतर वस्तीत १६ टक्के. दोन्ही मिसळून काढलेली सरासरी दोन्हींपैकी कोणाचेच वर्णन करत नाही. एका भागात साथ ओसरायला आलेली, दुसऱ्यात जेमतेम सुरू झालेली.

बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांनी २०२० मध्ये बांधलेल्या शहरपातळीच्या एजंट मॉडेलमध्ये म्हणूनच मुंबईसाठी झोपडपट्टी आणि बाकीची वस्ती वेगळी धरली होती. घर, शाळा, कामाची जागा, वस्ती अशा भेटींच्या जागा होत्या, आणि मुंबईसाठी लोकल गाड्याही होत्या. 'लोकल सुरू केल्या तर काय होईल?' हा प्रश्न समूह मॉडेलला विचारता येत नाही, कारण त्यात लोकल नावाची वस्तूच नाही. फार तर बीटा अंदाजाने वाढवता येईल. पण किती वाढवायचा, हाच तर मूळ प्रश्न.

मात्र झोपडपट्टी आणि इमारती एवढाच भेद हवा असेल, तर एजंट लागत नाहीत. तीनऐवजी सहा कप्पे आणि आपापसांतल्या भेटींचा दोन बाय दोनचा तक्ता पुरतो. उत्तर सेकंदात येते. आमच्या मते निम्म्याहून जास्त एजंट मॉडेलांचे काम अशा तक्त्याने भागले असते.

किती रन करावेत? आणि त्यांची सरासरी घ्यावी का?

अनिश्चितता रनच्या वर्गमुळाने कमी होते. १०० रन केले तर सरासरीतली चूक एका रनच्या दहाव्या भागावर येते. ती आणखी निम्मी करायला ४०० लागतात.

आलेखांची सरासरी मात्र घेऊ नका. एका रनचा माथा ४० व्या दिवशी, दुसऱ्याचा ६० व्या. दोन्हींची सरासरी काढली की एक बसका, लांबट डोंगर मिळतो. तसा कोणत्याच रनमध्ये नसतो, आणि रुग्णालयातल्या खाटांची गरज कमी भासते. प्रत्येक रनचा माथा वेगळा मोजा आणि मग त्या माथ्यांचा मध्यक आणि ५ ते ९५ टक्क्यांचा पट्टा द्या. विझलेले रन वेगळे मोजा. 'सरासरी ४०,००० लागणी' म्हणजे अर्धे रन शून्यावर आणि अर्धे ८०,००० वर, असे असू शकते.

दोन उपायांची तुलना करताना दोन्हीकडे तेच सीड (यादृच्छिक आकड्यांची मालिका कुठून सुरू होते ते ठरवणारा अंक) वापरा. त्यामुळे फरक उपायाचा आहे की फाशाचा, हे कमी रनमध्ये कळते. प्रत्येक एजंटाला स्वतःची यादृच्छिक मालिका दिली तरच हे नीट चालते. एकच सामाईक मालिका असेल तर पहिल्या वेगळ्या निर्णयानंतर सगळे सरकते.

समूह मॉडेलमध्ये अर्धा माणूस चालतो का?

चालतो. तोच त्याचा सर्वांत फसवा दोष. इंग्लंडमधल्या कोल्ह्यांच्या रेबीजच्या एका मॉडेलमध्ये पहिल्या लाटेनंतर बाधित कोल्ह्यांची घनता दर चौरस किलोमीटरला एका कोल्ह्याच्या १० चा उणे १८ वा घात एवढ्या भागावर उतरली, आणि काही वर्षांनी त्या कणभर कोल्ह्यातून दुसरी लाट उठली. १९९१ मध्ये मॉलिसन यांनी त्याला 'ॲटो-फॉक्स' असे नाव दिले (ॲटो म्हणजे १० चा उणे १८ वा घात). प्रत्यक्षात शेवटचा कोल्हा मेला की रोग संपतो.

म्हणून नियम असा: कोणत्याही कप्प्यात आकडा काही डझनांखाली जात असेल आणि पुढचे उत्तर त्यावर टेकलेले असेल, तर त्या भागापुरते समूह मॉडेल मानू नका.

लहान गाव चालवून उत्तर गुणून घेतले तर?

मधल्या टप्प्यात चालते, सुरुवातीला नाही. सव्वा कोटीच्या शहरात १०० रुग्ण म्हणजे सव्वा लाखाच्या छोट्या मॉडेलमध्ये एकच रुग्ण. मोठ्या शहरात साथ पेटणार हे जवळपास नक्की असते, तर छोट्यात निम्म्या वेळा विझते. सुरुवात खऱ्या आकड्यांनी करावी. रुग्ण शेकड्यांनी झाल्यावर साथ समीकरणासारखी वागू लागते, आणि मगच प्रमाण लावावे.

पॅरामीटर जास्त असले की मॉडेल जास्त खरे होते का?

इंपीरियल कॉलेजच्या कोविडसिम या एजंट मॉडेलमध्ये नऊशेहून जास्त पॅरामीटर आहेत. त्याची तपासणी झाली तेव्हा उत्तर मुख्यतः मोजक्याच पॅरामीटरांवर हलते असे दिसले. बाकीचे भरावे मात्र लागतातच, आणि विदा नसेल तर अंदाजाने. प्रत्येक पॅरामीटर २० टक्के वरखाली करून पाहा. ज्यांनी उत्तर हलत नाही ते गोठवा, आणि वेळ उरलेल्यांच्या मोजमापावर घाला.

साथीबाहेर कुठे कोणती पद्धत?

वाहतुकीत दोन्ही आहेत. १९५५ मध्ये लाइटहिल आणि व्हिटॅम यांनी गाड्यांचा ओघ द्रवासारखा धरला. १९९२ च्या नागेल-श्रेकेनबर्ग मॉडेलमध्ये प्रत्येक गाडी वेगळी आहे. रस्त्याचे ७.५ मीटरचे चौकोन, एक सेकंदाचा टप्पा आणि चार नियम: वेग एकने वाढवा, पुढे गाडी असेल तर मधल्या मोकळ्या चौकोनांएवढा कमी करा, अधूनमधून विनाकारण एकने कमी करा, पुढे सरका. तिसरा नियम काढला की विनाकारण होणारी कोंडी नाहीशी होते. म्हणजे कोंडीचे मूळ चालकाच्या त्या छोट्या डुलकीत आहे. ओघाच्या समीकरणात हे बोट ठेवून दाखवता येत नाही. अर्थात हे मॉडेल लेन पाळणाऱ्या गाड्यांचे आहे. दोन गाड्यांच्या फटीतून जाणारी दुचाकी त्यात बसवायची तर चौकोन लहान करावे लागतात आणि नियम नव्याने लिहावे लागतात.

शेलिंग यांच्या १९७१ च्या वस्तीच्या मॉडेलला तर समूह पद्धतीत जागाच नाही. शेजाऱ्यांपैकी सुमारे एकतृतीयांश आपल्यासारखे असावेत एवढीच प्रत्येकाची अपेक्षा, तरी शहराचे वेगवेगळे मोहल्ले पडतात. तिथे कोण कोणाशेजारी आहे, हाच सगळा विषय.

उलट रसायन, औषधाचे रक्तातले प्रमाण, मोठ्या देशाची लोकसंख्या: घटक प्रचंड आणि जवळपास सारखे. तिथे एजंट म्हणजे निव्वळ वीजखर्च.

मधला मार्ग आहे का?

आहे, आणि तो कमी वापरला जातो. कप्पे समूह मॉडेलचेच ठेवा, पण माणसे पूर्णांकात आणि घटना फाशाने. गिलेस्पी यांची १९७७ ची पद्धत हेच करते: पुढची घटना कधी आणि कोणती, एवढेच ठरवायचे. साथ विझेल की पेटेल हे त्यातून कळते, आणि एजंटांची यादी लागत नाही. रुग्ण लाखांत गेले की घटना फार होतात आणि ती मंदावते. तेव्हा ठरावीक टप्प्यातल्या घटनांची संख्या एकदम काढावी.

कोणते सॉफ्टवेअर?

शिकायला नेटलोगो. १९९९ पासून आहे, फुकट आहे, आणि साथ, शेलिंग, वाहतूक यांची तयार मॉडेले सोबत येतात. काही दहा हजार एजंटांपुढे ते दमते. पायथॉन येत असेल तर मेसा. नकाशांवर काम असेल तर गामा. समूह मॉडेलसाठी पायथॉनचे सायपाय किंवा आर भाषेतले डीसॉल्व्ह पुरते. चित्राने मांडायचे असेल तर व्हेन्सिम किंवा स्टेला.

संगणक केवढा लागेल?

स्मृती सहसा अडत नाही. एक कोटी एजंट, प्रत्येकी १०० बाइट, म्हणजे सुमारे १ जीबी. अडते ते भेटींवर. 'प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना' असे लिहिले तर एक लाख एजंटांच्या जवळपास ५०० कोटी जोड्या होतात, त्याही दर दिवशी. त्याऐवजी घर आणि ऑफिस यांच्या याद्या आधीच करून ठेवा. प्रत्येक जागेतले बाधित एकदा मोजा आणि त्या जागेतल्या प्रत्येक अबाधिताला त्या आकड्यावरून शक्यता द्या. काम जोड्यांऐवजी माणसांच्या प्रमाणात वाढते, आणि साध्या लॅपटॉपवर एक लाखाचे गाव वर्षभर चालवता येते.